लूकने लिहिलं नाही ते

शाळेतून परत येताना चढावाच्या शेवटच्या वळणावर अफीफाला आपली खाट दिसली. खाट जिन्यात होती. भाचा ओदे खालून आणि त्याचा एक मित्र वरून, असे दोघे तिला तिरकी धरून दगडी पायऱ्यांवरून उतरवत होते, आणि तिचं लोखंडी डोकं कठड्याला घासून दातांत शिरेल असा आवाज करत होतं. गादी आधीच अंगणात आली होती. ती गुंडाळून, दोरीने बांधून लिंबाच्या झाडाला टेकवून ठेवली होती. इतकी वर्षं एकाच कुशीवर झोपून गादीत मधोमध जो खड्डा पडला होता तो गुंडाळीतही लपत नव्हता. तो असा उघड्यावर पडलेला पाहून अफीफाला झोपेत कुणीतरी आपल्याकडे बघत राहिल्यासारखी लाज वाटली. “भिंतीला चिकटून उभी राहा, आत्या,” ओदे म्हणाला, आणि ती उभी राहिली. खाट तिच्या पोटाला जवळजवळ शिवून खाली गेली. मग वरून बाह्या सरसावलेली नजला आली, भावाची बायको. तिच्या हाताला चुन्याचा वास होता. “वन्सं, तुम्ही असतात तर उगाच दगदग झाली असती तुम्हाला,” ती म्हणाली. “म्हटलं, तुम्ही यायच्या आत उरकून टाकावं. आणि खाली ऊब असते हो. वर नुसता वारा.”

खरं तर ठरलं होतं निराळंच. ओदेचं लग्न जानेवारीच्या शेवटी, बाप्तिस्म्याचा सण झाल्यावर. तोवर वरची खोली अफीफाची, आणि मग सावकाश, सगळ्यांनी मिळून सामान हलवायचं, असं बिशाराने स्वतः सांगितलं होतं. बिशारा तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. काही अवघड बोलायचं असलं की तो तिच्याकडे न बघता हातातल्या किल्ल्यांकडे बघत बोलायचा, तसंच बोलला होता. तिनेही मान हलवली होती. बेथलेहेमशेजारच्या बैत जाला गावातल्या त्या घराला वर एकच चांगली खोली होती, दरीकडे खिडकी असलेली, आणि सून येणार म्हणजे ती खोली सुनेची, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पण आज संत बार्बराचा दिवस होता. संध्याकाळी मुलीकडची माणसं गव्हाची खीर खायला येणार होती, आणि त्यांना खोली रिकामी, चुना मारलेली दाखवायची होती. ही घाई कालच्या फोनमुळे. कालचा फोन नवरीमुलीच्या आईने, इम् फारेसने, नजलाला केला होता. तो कशासाठी ते अफीफाला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती.

बेथलेहेमच्या मुलींच्या शाळेत अफीफा धर्माचा विषय शिकवायची. दर डिसेंबरात नाताळचं नाटक तीच बसवायची, आणि दर वर्षी त्यातून काहीतरी काढून टाकायची. नव्याने लागली तेव्हा नाटकात कापसाचं बर्फ होतं. ते तिने पहिल्याच वर्षी झाडून काढलं. मग तीन राजांचे मुकुट गेले, कारण मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात त्यांना राजे म्हटलेलंच नाही. मग तीन हा आकडा गेला, कारण किती होते तेही त्याने सांगितलेलं नाही, आणि एका वर्षी तर पाच मुली मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, होऊन रंगमंचावर आल्या तेव्हा पालकांना वाटलं शिल्लक राहिलेल्यांना घुसवलंय. बैल आणि गाढव गेले. गोठा गेला. लूक आपल्या शुभवर्तमानात फक्त गव्हाणीचं नाव घेतो, ती कुठे होती ते सांगत नाही. तारखेबद्दल ती वर्गात म्हणायची की आपल्या या गावात तो वर्षातून तीनदा जन्मतो, लॅटिन पंथाचा एकदा, आपल्या पंथाचा एकदा, आर्मेनियन पंथाचा एकदा, आणि तिन्हीपैकी एकाही तारखेला पुस्तकात आधार नाही. लाल डगलेवाल्या म्हाताऱ्याला तर तिने शाळेच्या फाटकातून आत येऊ दिलं नाही. आणि त्याच ओघात एकदा हेही सांगून टाकलं की संत निकोलस बैत जालाच्या गुहेत राहिला असं सगळं गाव मानतं, पण तसं कुठे लिहिलेलं तिच्या वाचनात नाही. त्या वेळी पालकांची तक्रार गेली. पाद्रीबाबांनी तिला बोलावून कॉफी पाजली आणि हसत हसत म्हणाले, बाई, काहीतरी राहू द्या आम्हाला. तिला ते हसणं आवडलं नव्हतं. आपण काही कुणाचं हिरावून घेत नाही, जे त्यांचं नव्हतंच ते बाजूला करतो, असं तिला वाटायचं. बाजूला करताना बोटांना जे सुख व्हायचं, जुन्या कापडातून एक दोरा न तुटता लांबच लांब ओढून काढावा तसं, त्याला मात्र तिने कधी नाव दिलं नव्हतं.

यंदा तिने मरिया-योसेफला दारातून परत पाठवणारा उतारशाळेचा मालक काढला. हा मालक तिने इतकी वर्षं चालवून घेतला होता. लूकच्या पुस्तकात तो नाही हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण नाटकाला एक दार लागतं आणि दाराला उघडणारा लागतो. यंदा ते काम जुमानाला दिलं होतं. जुमाना नऊ वर्षांची, ओदेच्या नियोजित वधूची, सिरीनची, धाकटी बहीण. नजलानेच गळ घातली होती की मुलीला काहीतरी बरं काम द्या, सोयरीक आहे. जुमाना शब्दाच्या पहिल्या अक्षरापाशी अडायची. म्हणून एकच वाक्य: दार उघडायचं, “इथे जागा नाही,” म्हणायचं, दार लावायचं. तिच्या बापाने मेंढीच्या लोकरीची दाढी करून दिली होती. तालमीत ती दाढी लावून यायची, दार उघडायची, आणि तोंड उघडून उभी राहायची. योसेफ झालेली मुलगी हात पुढे करून तशीच थांबायची, मरिया पोटावरची उशी सावरायची, आणि सगळ्या वर्गाला जुमानाच्या गळ्यातली ती शीर वर-खाली होताना दिसायची. परवा ती शीर अफीफाला बघवेना. कीव आली नव्हती तिला, हे ती स्वतःशी तरी कबूल करत होती. आलेला तो राग होता, घड्याळ मधेच अडलं की येतो तसला. तिने पुस्तक मिटलं आणि शांतपणे सांगितलं की असा माणूस कुणी नव्हताच, तेव्हा हे काम आपण काढून टाकतोय.

“म-म-मग,” जुमाना दाढीतून म्हणाली, “जागा नाही असं म्हणालं कोण?”

“कुणी म्हणालं नाही. नव्हती, एवढंच लिहिलंय.”

मग तिने वर्गाला समजावलं, आणि समजावताना नेहमीप्रमाणे तिचा आवाज खुलत गेला. योसेफ दावीदच्या कुळातला, म्हणजे बेथलेहेम त्याचं स्वतःचं गाव. स्वतःच्या गावात माणूस कशाला कुणा परक्याचं दार ठोठावेल, तो चुलत्याकडे जाईल, मामाकडे जाईल. आपल्या अरबी पुस्तकात शब्दही सरळ ‘घर’ असाच आहे: त्यांना घरात जागा नव्हती. तुमच्या आज्यांची घरं आठवा. वर माणसं, खाली गुरं, आणि पाहुण्याची एक खोली. ती आधीच भरलेली असणार, म्हणून त्यांनी खाली सोय केली. जुमानाने दाढी काढून हातात धरली होती. “घ-घरच्यांनीच खाली पाठवलं?” तिने विचारलं. अफीफा म्हणाली, पाठवलं म्हणजे काय, खाली ऊब असते, त्यात वाईट काही नाही.

आता त्या खालच्या खोलीत ती आपल्या खाटेवर बसली होती. खोली कमानीच्या छताची. मागच्या भिंतीत खडक तसाच ठेवलेला, आणि खडकात एक बुटकी पोकळी. तिच्यात तिच्या लहानपणी शेळ्या बांधायचे. आता तिथे तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, गॅसची रिकामी सिलिंडरं. शेळ्या जाऊन पन्नास वर्षं झाली असतील, पण दमट दिवस असला की खडक अजून शेळ्यांचा वास सोडायचा, आणि तो वास तिला वाईट वाटला नाही हेच तिला चमत्कारिक वाटलं. तिची पुस्तकं केळ्यांच्या खोक्यांत भरून ठेवली होती, उलटीसुलटी. डोक्यावर पावलं वाजत होती. नजलाची पावलं जड, टाचेवर पडणारी. ओदेची उगाच धावणारी. वर राहत असताना तिला या घरात पावलं आहेत हे कधी कळलं नव्हतं. ऊब मात्र होती. नजला खोटं बोलली नव्हती.

पाहुणे दिवेलागणीला आले: इम् फारेस, सिरीन आणि जुमाना. अफीफाने केस सारखे केले आणि वर गेली, कारण न जाणं म्हणजे रुसणं झालं असतं, आणि रुसणाऱ्या बायकांची तिला किळस होती. सगळे तिच्या खोलीत उभे होते. चुना ओला होता. जिथे तिचं कपाट होतं तिथली भिंत जरा वेगळी पांढरी दिसत होती. इम् फारेस खिडकीतून दरी बघून म्हणाली की उजेड छान आहे. मग अफीफाला जिन्याच्या वरच्या पायरीवर पाहून वळली. बाई मोठी गोड बोलायची. तिने जुमानाला खांद्याला धरून पुढे केलं. “बाईंनी तुझं वाक्य नीट ऐकलंच नाही ना. म्हणून दाखव. इतके दिवस पाठ केलंस, वाया कशाला जायचं?” नजला हसली. सिरीन जमिनीकडे बघत होती. जुमाना उंबऱ्यात आली, एक हात चौकटीला लावला, अफीफाकडे सरळ बघितलं, आणि एका दमात म्हणाली, “इथे जागा नाही. खाली जा.”

कुठेही अडखळली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओदेने शीळ घातली. मुलीचा चेहरा आनंदाने इतका फुलला की त्या आनंदात दुष्टपणाचा अंशही नव्हता. ती फक्त एक वाक्य पूर्ण बोलली होती. अफीफाला ते दिसलं. दिसलं आणि तरीही तिच्या तोंडातून वर्गातला आवाज आला, सपाट, चष्म्याच्या वरून बघणारा. “‘खाली जा’ पुस्तकात नाही. आणि घरी इतकं स्वच्छ बोलता येतं, तर शाळेत काय सोंग करतेस?”

जुमानाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. शीर वर आली. आली आणि तिथेच राहिली. सगळे त्या शिरेकडे बघत उभे राहिले, आणि शेवटी इम् फारेसने मुलीचं तोंड आपल्या कोटात दाबलं.

टेबलावर खीर वाढलेली होती, बडीशेपेच्या वासाची, वरून बदाम आणि डाळिंबाचे दाणे. बिशाराने दरवर्षी सांगायची ती गोष्ट काढली. ही खीर आईच्या हातची, असं म्हणून तो सुरू करायचा. आई गेली तेव्हा तो अम्मानमध्ये फरशीच्या कारखान्यात होता. इथे संचारबंदी, सीमेवरचा पूल बंद, निरोप मिळाला तोवर मातीही झालेली. “पण शेवटचा शब्द कोणता, तर बिशारा,” तो म्हणाला, आणि नेहमीप्रमाणे त्याचा आवाज त्या ठिकाणी भिजला. “ताई होती ना उशाशी. विचारा तिला.” पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. इतकी वर्षं हलवत आली होती, की आता मान आपली आपणच हलायची.

उशाशी ती होती हे खरं. रस्त्यावर लष्कराची जीप फिरत होती आणि ती कापसाचा बोळा पाण्यात बुडवून आईच्या ओठांना लावत होती. आईने डोळे उघडून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, तू कुणाची गं. तुझीच, अफीफा म्हणाली. त्यावर आईने मान नकारार्थी हलवली, दारात आलेल्या फेरीवाल्याला नको म्हणावं तशी, अगदी विनम्र. मग पाणी मागितलं. मग काही नाही. या आईसाठी तिने लग्नाच्या दोन मागण्या परत पाठवल्या होत्या. बिशारा आठवड्याभराने आला तेव्हा उंबऱ्यातच खाली बसला आणि कपाळ चौकटीवर आपटू लागला. तो आवाज थांबेना म्हणून ती म्हणाली, तुझं नाव घेतलं रे तिने, शेवटी तुझंच नाव घेतलं. आवाज थांबला. आयुष्यात जे नव्हतं ते तिने जोडलं असं तेवढं एकच.

पाहुणे लवकर उठले. इम् फारेसच्या वाटीत खीर तशीच होती. थोड्या वेळाने बिशारा खाली आला. त्याच्या हातात विजेची छोटी शेगडी होती. तेलाच्या डब्यावर बसून तो वायर सोडवत राहिला. वर नजला रडत होती, ते छतातून ऐकू येत होतं. तो म्हणाला की लग्न मोडायची वेळ आणली होतीस तू, लेकराला असं बोलतात का, तुझ्या त्या पुस्तकात एवढंच लिहिलंय का. अफीफाला वाटत होतं की तो आता खोलीबद्दल बोलेल. निदान खाट न विचारता हलवली एवढं तरी बोलेल. ते बोलला असता तर तिने त्याला चहा करून दिला असता.

“तुला कुणाचं काही चांगलं बघवत नाही, ताई,” तो म्हणाला. “आईसुद्धा हेच म्हणायची.”

“आई काय म्हणायची ते मला विचार.”

“म्हणजे?”

“तिने तुझं नाव घेतलं नव्हतं.”

वायरीवरची त्याची बोटं थांबली.

“शेवटी,” ती म्हणाली. “पाणी मागितलं तिने. मग गेली. तुझं नाव घेतलं नव्हतं.”

“मग तू का सांगितलंस?”

“तू रडत होतास.”

दोरा न तुटता पूर्ण निघाला. ते सुख तिला बोटांच्या टोकांपर्यंत जाणवलं, आणि लगेच त्याच्या मागोमाग काहीच नाही, कापडच नाही, असं वाटलं. आईने आपल्याला ओळखलं नाही हेही सांगून टाकावं, म्हणजे निदान दोघं सारखे होऊ, असं तिच्या मनात आलं. पण बिशाराने शेगडीची वायर भिंतीपर्यंत पुरते का ते पाहिलं, खटका दाबला, तार लाल होईतो थांबला, आणि वर निघून गेला. त्याच्या चालण्यात काहीच बदल नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला रोजच्यासारखं सुप्रभात म्हटलं. ती वाट बघत राहिली; तो भांडेल, शिव्या देईल, एखाद्या रात्री खाली येऊन रडेल. तो आला नाही. नाटक झालं. मरिया आणि योसेफ सरळ नातेवाइकांच्या घरात शिरले आणि बसले. कुणी कुणाला दारातून हाकललं नाही, आणि पालकांना कळेना की यात झालं काय. जुमाना त्या दिवशी शाळेत आली नव्हती.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. चर्चमधून मंडळी हॉलमध्ये आली, कोकराचं मांस आणि भात झाला, आणि बिशारा वरपिता म्हणून बोलायला उभा राहिला. अफीफाला टेबलाच्या शेवटी, इम् फारेससमोर जागा मिळाली होती. आज आई हवी होती, बिशारा म्हणाला, आणि अफीफाने हातातला काटा खाली ठेवला. तो सांगू लागला: संचारबंदी, बंद पूल, अम्मान. आवाज तोच, त्याच ठिकाणी भिजणारा. मग तो म्हणाला की त्या दिवशी सकाळीच त्याच्या मनात काहीतरी आलं आणि त्याने घरी फोन लावला. आईने स्वतः उठून फोन घेतला. तिने त्याचं नाव घेतलं, एकदा नाही, दोनदा. बिशारा, बिशारा. आणि मग फोनमधून फक्त तिचा श्वास ऐकू येत राहिला, आणि मग तोही नाही. सिरीन नव्या रुमालाने डोळे पुसत होती. ओदे बापाच्या गळ्यात पडला. म्हातारी माणसं छातीवर क्रूसाची खूण करत होती. घरात फोन आला तो आई गेल्यानंतर चार वर्षांनी, आणि त्या हॉलमधल्या निम्म्या माणसांना हे माहीत होतं. ती माणसंही रडत होती.

इम् फारेसने डोळे टिपले आणि टेबलावरून थोडं पुढे वाकून अफीफाला विचारलं, “बाई, तुम्ही उशाशी होतात ना तेव्हा?”

बिशाराने ते ऐकलं. ग्लास हातात तसाच धरून तो वळला, आणि त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. “ताई शाळेत होती,” तो म्हणाला.

आई गेली त्या महिन्यात शाळा बंद होत्या. गावातली प्रत्येक शाळा बंद होती, लष्कराने बंद केली होती. अफीफाच्या ओठांवर ते वाक्य तयार झालं, नेमकं, छोटं. सगळे ओले चेहरे तिच्याकडे वळलेले होते, आणि टेबलाच्या पलीकडे, आईच्या शेजारी, जुमाना तोंड किंचित उघडं ठेवून तिच्याकडे बघत होती.

“हो,” अफीफा म्हणाली. “मी शाळेत होते.”